बारीक दोरी

राजदूत म्हणे.
हिरव्या फितीला लटकलेल्या पाटीवर तसं छापलेलंच होतं:
डेल्फीन कोमो, विद्यार्थी-राजदूत, मानसशास्त्र, पदव्युत्तर.
मी म्हटलं, कुठल्या राजाची?
ती हसली नाही. म्हणाली,
आधी प्रिंटर बघून घे.
डावा ट्रे अडकतो. उजव्याला हातच लावू नकोस.

मी एकेचाळीस, ती चोवीस.
एकोणीस वर्षं हॅलिफॅक्सच्या बंदरात
टगबोटीवर दोर सांभाळले मी,
तळहाताच्या रेषा कधीच पुसल्या गेल्यात,
आणि आता पुढच्या बाकावर चष्मा पुसत
प्रमाण विचलन म्हणजे काय हो, असं विचारणारा
वर्गात मी एकटाच.
बाकीच्यांना ठाऊक असावं,
किंवा विचारायचं नसतं एवढं तरी ठाऊक असावं.

तिनं सांगितलेलं कुठल्याच माहितीपुस्तिकेत नव्हतं.
थिबोडो सर ‘रंजक आहे’ म्हणाले
की प्रकरण पुन्हा लिहायचं.
फीचा दुसरा हप्ता लांबवून मिळतो,
पण चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंना सकाळी विचारायचं,
जेवणानंतर नाही.
रडायचं असेल तर तिसरा मजला,
पूर्वी उंदीर ठेवायचे ती खोली;
वास अजून गेलेला नाही, म्हणून कुणी फिरकत नाही.
पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगावं
इतक्या सरळ सांगितलं तिनं हे.

नोव्हेंबरात मी गेलो तिथे.
आत एक खुर्ची, खुर्चीवर टिश्यूंचं खोकं,
खोक्यावर तिच्या अक्षरात:
संपले तर कळवा.

बोट लागताना जाड दोर कधी फेकत नाहीत.
फेकताच येत नाही, फेकणाराच आडवा होईल.
आधी बारीक दोरी, टोकाला मुठीएवढी गाठ.
ती समोरच्यानं झेलायची.
मग तिच्यामागून ओला, अवजड, खरा दोर
हात-हात करत ओढून घ्यायचा.
हे मी तिला एकदा कॉफी पिताना सांगितलं,
उगाच, दुसरं काही बोलायला नव्हतं म्हणून.
तिनं वहीत लिहून घेतलं.
मला लाज वाटली.

मार्चमध्ये तिच्याकडे येणारं पहिलं माणूस
यायचं थांबलं.
आम्हाला कळलं ते एवढंच.
पुढचं ती सांगणार नव्हती. सांगायचं नसतंच,
ते पहिल्याच आठवड्यात शिकवतात;
मग ते ठेवायचं कुठे, हे शिकवायचं राहून जातं.

हिरवी फीत टेबलाच्या कडेला लोंबत राहिली.
नवी मुलं विचारू लागली, डेल्फीन कुठाय?
विभागाकडून सगळ्यांना पत्र आलं:
स्वतःची काळजी घ्या. खाली वाचायला सात लेख.
मी सातही वाचले.
सातवा तिनंच लिहिला होता.

फोन हातात घेऊन मी तीन वाक्यं लिहिली, खोडली.
‘कशी आहेस?’ हे तर तिचंच हत्यार,
ते तिच्यावरच कसं उगारायचं?
बाहेर धुक्याचा भोंगा वाजत होता,
पलीकडचं डार्टमथ आहे की नाही ते कळत नव्हतं.
शेवटी लिहिलं:
प्रिंटर अडकलाय.

चार तास.
मी दोन बस सोडल्या.
मग आलं: डावा ट्रे?
डावा, मी म्हटलं.
कागद वाकडा घातला असशील.
असेल.
मग तीन टिंबं हलली, थांबली,
बराच वेळ काहीच नाही, पुन्हा हलली.
येते. हात लावू नकोस.

प्रिंटर मस्त चालू होता.
मी लगबगीनं जाऊन डावा ट्रे उघडला,
कागद वाकडा घातला,
आणि खुर्ची ओढून बसलो.
मग उठलो, आणखी एक खुर्ची आणली.