सेटल्ड

गणपती पेठेत माझं दुकान, पत्रिकांचं.
लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या.
शिवाय बायोडेटा, पन्नास रुपयांत, फोटोसकट.
वीस वर्षांत किती वेळा टाइप केलाय हा शब्द:
थोरला भाऊ पुण्यात सेटल्ड,
मामा इचलकरंजीत सेटल्ड.
इतका हातात बसलेला
की बोटं न बघता करतात.

परवा बँकेत मुल्ला मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली.
मला मशीन घ्यायचं होतं, डिजिटल, जुनंच, पण बरं.
"मगदूम, तुमचं गृहकर्ज इथे सेटल्ड दिसतंय."
मी खूश. म्हटलं, हो, आता जरा बरं चाललंय.
त्या हसल्या नाहीत.

रिपोर्ट मागून घेतला. दुकानात आणून टेबलावर पसरला.
धंद्याची खोड, आधी मांडणी बघितली.
टाइप बारीक, मार्जिन तोकडं,
महिन्यामहिन्याचे चौकोन, छत्तीस,
आणि उलटे चालणारे: ताजा महिना आधी, जुना शेवटी.
मी शेवटाकडून वाचत आलो.
शून्य शून्य शून्य. शून्य शून्य शून्य.
शाळेत एवढी शून्यं आणली असती तर आप्पांनी फोडून काढलं असतं.
इथे ती शाबासकी.
एकोणीसचा पूर आला, गेला,
तेव्हाही मी हप्ता सोडला नव्हता.

मग एकवीसचा ऑगस्ट.
०२६.
०५६.
०८७.
११७.
आयर्विन पुलाखाली माणूस उभा करून पाणी मोजतात,
तसे कुणीतरी माझे दिवस मोजत होते.
पुलाखालचं पाणी आठवड्यात उतरलं.
दुकानात कागदाची रिमं फुगून पावासारखी झाली होती,
ऑफसेटच्या रोलरांत गाळ,
चारशे पत्रिका एका नवरीच्या, नावासकट विरघळलेल्या.
ती उधारी मी फेडली. तिच्या बापाला परत पत्रिका छापून दिल्या,
माधवनगरच्या एका प्रेसमधून, पदरचे घालून.
त्याचा चौकोन नाही कुठे.

लाल पेन घेऊन प्रूफ तपासायला बसलो.
भूपाल आप्पासो मगदूम: बरोबर.
जन्मतारीख बरोबर. पॅन बरोबर.
शामरावनगरचा पत्ता, जिथे आता दुसऱ्याचा दिवा लागतो: बरोबर.
एकही चूक नाही.
तीस वर्षांत असं स्वच्छ प्रूफ माझ्या हाती आलेलं नाही.
'पूर' हा शब्द नाही,
पण त्याला जागाच सोडलेली नाही, मग चूक कशी म्हणू.

फ्लॅट विकला. आलं ते भरलं.
एक लाख ब्याऐंशी हजार राहिले, ते बँकेने सोडले.
साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, विषय संपला.
टेम्पोत कपाट चढवलं त्या दिवशी,
म्हणजे बेघर झालो त्याच दिवशी,
मी कागदावर सेटल्ड झालो.

त्रिशलाने तिचाही रिपोर्ट काढायला लावला.
कर्जावर दुसरी सही तिची होती.
तीच ओळ, तेच आकडे.
तिने बराच वेळ बघितलं.
"अकरा वर्षं भिशी चालवतेय," म्हणाली,
"एकदाही एकीचा रुपया इकडचा तिकडं नाही.
त्याचा रिपोर्ट कुठं निघतो?"
आणि चहा टाकायला उठली.

मुल्ला मॅडम म्हणतात, सोडलेली रक्कम भरा,
बँकेकडून पत्र घ्या,
मग सेटल्डचं क्लोज्ड होईल.
बंद हा शब्द दुकानदाराला
पहिल्यांदाच हवासा वाटला.
पत्रिकेमागे चार रुपये सुटतात. भागाकार करून बघितला
आणि कागद उलटा ठेवला.

काल एक मावशी आल्या, कुपवाडच्या.
लेकाचा बायोडेटा. लिहा म्हणाल्या,
मुलगा एमआयडीसीत, पर्मनंट, सेटल्ड.
बोटं थांबली.
म्हटलं, मावशी, तिथं दुसरा शब्द घालू का?
"कुठला?"
मला सुचेना.
पंख्याखाली त्या तशाच बसून राहिल्या, पिशवी मांडीवर घेऊन.
शेवटी तोच केला, ठळक टाइपात,
आणि दोन प्रती काढून दिल्या.