कुठून बोलताय?

कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दवाखाना.
छाती दाबण्यालाही सीपीआर म्हणतात
हे आम्हाला नंतर कळतं,
कुणाला फार नंतर.

त्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बसते.
तीनशे चाळीस कागद, उडू नयेत म्हणून वर
कुणाच्यातरी मनगटाचं कापलेलं प्लास्टर.
रकाने माझेच, शिरगुप्पे सरांनी तपासलेले:
फोन किती वाजता, गाडी निघाली किती वाजता,
पोचली किती वाजता, रुग्ण आत घेतला किती वाजता.
मिनिटांचा हिशेब, बाकी काही नाही.

पण माणसं घड्याळ बघून पडत नाहीत.
"कारखान्याचा दुसरा भोंगा झाला बगा, तवा."
"डेअरीत दूध घालून परत येताना."
"मालिका लागायची हुती, लागली न्हवती."
मी भोंग्यांचं वेळापत्रक मागितलं.
शिफ्ट इंजिनिअर हसला, आणि दिलं.
डेअरीच्या सेक्रेटरीनं संकलनाची पावती शोधली,
फॅट, एसएनएफ, कोपऱ्यात बारीक: ६.४२.
तीनशे चाळिसांतली सगळ्यात खरी वेळ
मला दुधाच्या पावतीवर मिळाली.

फेरी दोनशे अकरा.
फोन ते गाडी निघणं: सव्वीस मिनिटं.
लाल शाईनं गोल केला. म्हटलं, कुणाचीतरी हयगय.
शिरोली नाक्यावर बाबालाल मुजावरना गाठलं,
एकशेआठचे पायलट, बशीतला चहा फुंकत होते.
"किल्ली लावूनच बसलो हुतो, मॅडम.
पर जायाचं कुठं?"

मग रेकॉर्डिंग ऐकलं.
– कुठून बोलताय?
– उसातून.
– गाव कोणतं?
– गाव न्हाई, ऊस हाय.
– तालुका सांगा.
– आमी बीडचे, सायेब.
– आजूबाजूला काय दिसतंय?
– चिमणी.

या जिल्ह्यात चिमण्या किती, मी कधी मोजलंय?
हंगामात सगळ्यांतूनच धूर निघतो.

केशर डोईफोडे.
तिच्या दिराच्या मांडीवरून
भरल्या टायरगाडीचं चाक गेलेलं.
फोन कान नि खांद्यात धरून, दोन्ही हातांनी
ती मोळी बांधतात तशी मांडी बांधत होती,
जखमेच्या वर, वाढ्याचा पीळ, गुडघा रोवून,
त्यावर पदराची चिंधी.
सर्जन विचारत होते, गाठ कुणी मारली? सुटेना.
पाय गेला. माणूस राहिला.

फॉर्मवर मीच छापून घेतलंय:
प्रथमोपचार करणारी व्यक्ती
प्रशिक्षित / अप्रशिक्षित. योग्य तिथं खूण करा.
दिवसाला दोनशे मोळ्या. हंगाम किती?
पेन टेकवून तशीच बसले,
निळा ठिपका मोठा होत गेला.

सर म्हणाले, सव्वीस हा आउटलायर आहे.
वगळा, सरासरी सुधारेल.
सुधारेल.

मार्चात पट्टा पडला त्या फडाचा, तेव्हा मी गेले.
बाबालालनी गाडी बांधाला लावली.
खोडवी, जळकं पाचट, लांब तीच चिमणी, विझलेली.
आणि रानाच्या मधोमध विजेचा खांब.
पिवळ्या पट्ट्यावर काळ्या रंगात
गाव, फीडर, नंबर, सगळं.
ऊस उभा होता तेव्हा हे आत बुडालेलं.
ती इथून बारा हातांवर होती,
तिला वाचता येत होतं का
हा रकाना मी ठेवलाच नव्हता.

बाबालाल चष्मा पुसतात.
मग खांबावरचं एकेक अक्षर मोठ्यांदा वाचतात,
सावकाश, सुटं सुटं,
पलीकडून कुणी विचारत असल्यासारखं.