लाइन

आमच्या गोपालनगरात वीज जात नाही,
लाइन जाते.
मे महिन्यात, रात्री अडीचला,
कूलरची घरघर मध्येच तुटते
आणि गच्चीवरून कोणीतरी आभाळाला सांगतं, "गेली बावा!"
कोण गेली, हे नागपुरात विचारायचं नसतं.

पहिलीत लाइन म्हणजे नुसती रेघ होती.
डांगोरे बाई लाकडी पट्टी घेऊन शिकवायच्या: सरळ.
मग शाळा सुटताना लाइनीत चला,
राशनला लाइन लावा,
आणि ताई अकरावीला गेली तसा उरकुड्यांचा विलास
सायकल घेऊन तीन महिने आमच्या दारासमोर.
आजूबाजूचे म्हणाले, पोरगा लाइन मारतो.
आईला वाटलं, खात्यातला आहे.
तिनं त्याला चहा पाजला
आणि मीटर दाखवलं.

मामा राहायचा पोलीस लाइनीत.
साहेब लोक सिव्हिल लाइन्समध्ये:
तिथं शेवटी एक स जास्त,
झाडं जास्त,
आणि लाइन जात नाही.

बाबा लाइनमन.
खांबावर चढण्याआधी लाइन क्लिअर घ्यायचे,
कागदावर नंबर, वेळ, सही.
हिंगणा रोडला एका शनिवारी
लाइन कागदावर बंद होती
आणि तारेत चालू.
चौकशी झाली. कागद बरोबर निघाला.
बाबा वाचले.
उजव्या तळहाताच्या रेषा तेवढ्या गेल्या.

पुढे कधीतरी बर्डीवर
फुटपाथवरच्या ज्योतिषानं हाक मारली,
लाइफलाइन पाहून देतो, काका.
बाबांनी हात पुढे केला:
गुळगुळीत, गुलाबी, इस्त्री केल्यासारखा.
तो भिंगातून पाहत राहिला. भिंग पुसलं. परत पाहिलं.
म्हणाला, डावा दाखवा.
बाबा म्हणाले, "राहू द्या.
डाव्यानं जेवतो मी आता."

मी बंगळूरला. माझ्या डोक्यावर एक लाइन मॅनेजर आहे,
त्याला खांब माहीत नाही.
रात्री घरी फोन लावते.
आई म्हणते, "थांब, लाइनवर राहा,"
आणि बाबांना उठवते.
ते बोलत नाहीत फारसे.
त्यांच्या मागे कूलर ऐकू येतो,
पाण्याची टपटप, वाळ्याची ताटी,
मग एकदम काहीच नाही.

"गेली?"
"गेली."

"कोण चढलं असेल आता?"
"हाये एक पोरगा. कोहळ्यांचा. नवाच हाये."

मग आम्ही दोघं लाइनवर, अंधारात,
माझ्याकडे दिवा असून.
"क्लिअर घेतली असंन ना त्यानं,"
हे ते मला विचारत नाहीत.

किती वेळ गेला, बिलात दिसेल.
मग कूलर खोकला, फिरला.
गल्लीतली पोरं ओरडली, "आली!"
बाबा गप्पच.
आई म्हणाली, ठेवा आता, झोपू द्या तिला.
त्यांनी ठेवला नाही.
बऱ्याच वेळानं, हळूच:
"उतरला असंन."