विणायच्या सुया

नकाशात हा रस्ता केसाएवढा.
पेट्रोल पंपावरच्या बाईनं सांगितलं, "पत्ता नाही.
लोखंडी पूल गेला की
जिथे पिकअप गाड्या वेड्यावाकड्या उभ्या दिसतील, तिथे."

व्हर्जिनियाच्या नैऋत्य टोकाचं किराणा दुकान. शुक्रवार.
खिळ्यांचे डबे, मक्याचं पीठ, उंदरांचं औषध
भिंतीशी सरकवलेलं,
मधोमध खुर्च्यांचं कडं,
तोंडं आत, पाठी दाराकडे.
मला वाटलं, उशीर झाला आपल्याला.
मग कळलं, इथे ऐकणाऱ्यांसाठी कुणी वाजवत नाही.

लॉयल मुलिन्सला बॅंजो लावायला फार वेळ लागतो.
दर सुरावटीला खुंट्या नव्यानं पिळायच्या.
तोवर बाकीचे बोलत राहतात
कुणाची गाय व्यायली, कुठली खाण बंद पडली,
सगळं एकाच पट्टीत.

होबार्ट क्रिसमन ब्याऐंशीचा.
फिडल हनुवटीखाली नाही, छातीवर,
झोपलेलं पोर धरावं तशी.
तिच्या पोटात काहीतरी खुळखुळतं.
"रॅटलस्नेकची शेपटी. ओल धरत नाही म्हणतात.
आणि नसेल खरं, तरी साप तर गेला ना."

मी वही काढली. सुरावटीचं नाव विचारलं.
"नाव? हे आयसमकाकाचं."
आणि त्याला कुणी दिलं?
"एक काळा माणूस. बोगदा खोदायला आलेला,
बॅंजो होता त्याच्याकडे भोपळ्याचा.
एक हिवाळा राहिला वरच्या खोऱ्यात.
त्याचं नाव काकानं सांगितलं नाही,
किंवा सांगितलं, आणि मी लहान होतो."
मग तो बराच वेळ गजाला राळ घासत राहिला.
वहीत मी लिहिलं: एक हिवाळा.
पुढे काही लिहिता आलं नाही.

डेल्फिया त्याच्या शेजारी,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
चव्वेचाळीस वर्षं
त्याच्या बोटांच्या आणि गजाच्या मधे उरते
त्या चार इंच तारेवर
ती विणायच्या सुयांनी ताल धरत आली.
एक वाद्य, दोन माणसं.
आता हात थरथरतात.
तिनं पिशवीतून सुया काढल्या, माझ्यापुढे धरल्या.
"मला येत नाही हो."
"त्यालाही येत नव्हतं," ती म्हणाली, "लग्न झालं तेव्हा."

गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसावं लागतं.
त्याच्या शर्टाला तंबाखूचा आणि गवताचा वास.
पहिलाच ठोका बोटावर बसला त्याच्या.
तो थांबला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.
सुरावट दोनच भागांची,
वरचा दोनदा, खालचा दोनदा, पुन्हा वरचा,
चुकायला भरपूर जागा,
तेवढीच सुधारायला.
सातव्यांदा की नवव्यांदा कोण जाणे,
सुया आपोआप पडू लागल्या.
कुणीतरी उठलं, लाकडी जमिनीवर टाचा वाजू लागल्या,
शेल्फातल्या बरण्या किणकिणल्या,
आणि माझी वही खुर्चीखाली गेली ती गेलीच.

होबार्टनं एक पाय उचलला.
इथे तीच खूण: हे शेवटचं.
मला ठाऊक नव्हतं.
सगळे थांबले
आणि माझे दोन ठोके एकटेच पुढे गेले,
टिक टिक,
दुकानातला फ्रीज घरघरत होता, तेवढाच.

डेल्फिया हसली, दात नसलेलं.
सुया परत घेतल्या, पदरासारख्या
एप्रनच्या टोकानं पुसल्या,
अर्ध्या मोज्यात खोचून ठेवल्या.
लॉयल केव्हाच
पुढची खुंटी पिळायला लागला होता.