मुरायला ठेवलेली बॅट

दुकानदार म्हणाला होता,
लगेच खेळायला काढू नका, ताई.
आधी तेल, मग ठोकणं, मग वाट बघणं.
जवसाची चटणी मी जन्मभर खाल्ली;
जवसाचं तेल लाकूड पितं
हे ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये,
वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

चार्वी अकरा वर्षांची. तिला सगळं आजच हवं.
पहिल्या रात्री इतकं ओतलं
की खालचं वर्तमानपत्र आरपार दिसायला लागलं
आणि बॅट, पहिल्या घाण्यातल्या भज्यासारखी.
मी ओरडणार होते.
जुन्या बनियनचा बोळा तिच्या हातात दिला.
"पूस. आता बोटभरच घे. स्टिकरवर नको."

मग ठकठक.
रोज सात ते साडेसात, लाकडी हातोडीनं.
चौथ्या दिवशी बेल वाजली.
खालच्या मजल्यावरचे कुलथे काका,
हातात चष्मा, तोंडात तयार वाक्य.
त्यांनी बॅट बघितली
आणि वाक्य गिळलं.
तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या फाउंड्रीत
लाकडाचे साचे घडवलेला माणूस.
कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले,
"इथे सरळ मारलंस तर चिरेल, बाळ.
तिरकं मार. कुणाची पाठ थोपटतेयस, असं."
आणि फरशीवर मांडी घालून बसले. गुडघे वाजले.
चहा दोनदा झाला.
तक्रार राहूनच गेली.

मध्ये एकदा तिनं ती आपटली.
पार्किंगमध्ये, सिमेंटवर, कुणीतरी चिडवलं म्हणून.
टोकाला नखाएवढी खोक.
दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,
जणू मीच आपटली होती.
तिसऱ्या दिवशी काकांकडून पॉलिश पेपर आणला
आणि गॅलरीच्या दारात बसून घासत राहिली,
मी न सांगता,
पोळ्या गार होईपर्यंत.
तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं.

दीड महिन्यानं घणसोलीच्या मैदानावर पहिली मॅच.
माझ्या जुन्या परकराची पिशवी, नाडीसकट,
तिनं खांद्याला अडकवलेली.
दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा.
शून्य.
हेल्मेटच्या जाळीमागे ओठ थरथरत होता,
मी अर्धी उठले होते.
ती झाडाखाली बसली.
फडका काढला.
टोकाची माती पुसली, मग मूठ, मग पुन्हा टोक.
पिशवीत घातली, नाडीची गाठ मारली.
मग रडली,
अगदी मनसोक्त, शेंबूड येईस्तोवर.

रात्री जिन्यात काका भेटले.
"काय गं, बॅटला काही झालं नाही ना?"
"नाही काका," ती म्हणाली,
"बॉल लागलाच नाही."