दाब

दुपारी साडेबाराला मी ग्लेनिस ॲक्रॉइडच्या स्वयंपाकघरात
गुडघ्यांवर, बॉयलरचं झाकण उतरवून.
रेडिओवर अर्थमंत्री बोलायला उभे राहिले होते.
नोव्हेंबरात हॅलिफॅक्सला उजेड तेवढाच,
जेवढा फ्रिज उघडल्यावर पडतो.

ग्लेनिसनं चहा दिला, बिस्किट द्यायची विसरली.
गॅसबिलाच्या पाठीवर पेन्सिल रोखून बसली होती.
तीस वर्षं शाळेत मुलांना वाढलं तिनं;
कुणाला किती डाव, हे अजून मनगटाला पाठ.
"भाड्याच्या उत्पन्नावर," रेडिओ म्हणाला,
मग आकडा.
सभागृहात कुणी ओरडलं, कुणी हसलं.
तिनं आकडा लिहिला, त्याखाली रेघ ओढली,
रेघेखाली काहीच लिहिलं नाही.

"लोकांना वाटतं, घरमालक म्हणजे टोपी आणि सिगार.
माझं एक घर. बहीण गेली तेव्हा मांजरासकट आलं.
मांजर मेलं."

"हा ठीक आहे," मी म्हणालो, बॉयलरबद्दल.
"आता तिकडचा बघ. डेन्झिल असेलच घरी.
काही म्हणाला तर सांग."

चढावर, सात घरं सोडून आठवं.
डेन्झिल सग्डन, गालिच्यांच्या गिरणीतल्या शेवटच्या तुकडीतला.
एकोणीस वर्षं दर शुक्रवारी पाकीट,
पाकिटावर तारीख, नोटा एकाच दिशेला तोंड करून.
त्यानंही तोच रेडिओ ऐकला होता,
पण दुसऱ्या एका वाक्यासाठी.
ते आलंच नाही.
सरकारकडून भाड्याला मिळणारा आधार
जिथं होता तिथंच गोठला,
हे कुणी सांगत नाही; ते कळतं,
बेल वाजवल्यावर घरात कुणी नाही हे कळतं तसं.

"ती काही म्हणाली?"
"चहा दिला."
"हं," तो म्हणाला,
आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

याचा बॉयलर पाकिटांइतकाच जुना.
दाबाचा काटा बरा. ज्योत मात्र
टोकाशी पिवळी, जराशी, आजाऱ्याच्या नखासारखी.
नळी लावून धूर मोजला.
मर्यादेच्या आत. केसभर.

फॉर्मवर तीन चौकटी असतात:
सुरक्षित, लक्ष ठेवा, बंद करा.
तिसऱ्या चौकटीची किंमत दोन हजार तीनशे पौंड.
ते कुठून येणार?
मी ती रेघ पाहिली होती, आणि खालची कोरी जागा.
आडात नाही ते पोहऱ्यात मी कुठून आणू?
बंद म्हटलं, तर वसंतापर्यंत या दारापुढे
'विकणे आहे'चा खांब रोवला जाईल,
आणि डेन्झिल खोके शोधत फिरेल.

पुन्हा मोजलं. आत.
पुन्हा. आत.
मी खोटं लिहिलं नाही.
पण चौथ्यांदा मोजलंही नाही.

'लक्ष ठेवा'वर खूण केली. शेऱ्यात: पुढच्या वर्षी बघू.
दुपारभर रेडिओही तेच म्हणत होता,
पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या एप्रिलपासून.
व्हॅनमधला विषारी वायूचा गजर आणून भिंतीला लावला,
पावती केली नाही.
डेन्झिलनं बटण दाबून पाहिलं.
कान बधिर करणारा आवाज आला.
"चालतो की," तो म्हणाला, खूश होऊन.

परतताना रेडिओवर तज्ज्ञ याद्या वाचत होते:
यात कोण जिंकलं, कोण हरलं.
गीअर बदलताना मी एक यादी ऐकली,
दुसरी बोगद्यात हरवली.

शुक्रवारी रात्री ग्लेनिसचा फोन.
"पाकिटात दहा जास्त आहेत.
मी मागितले नव्हते. तू काही बोललास?"
"नाही."
"मग परत देऊ, की ठेवू?"

मी गॅसचा माणूस आहे, म्हणणार होतो.
म्हणालो नाही.
पलीकडे बराच वेळ
कागदावर पेन्सिलचा आवाज येत राहिला.