टॅग लावण्याचे दिवस

शटडाउनच्या आधी सतरा दिवस
रय्या अल शिझावी माझ्यामागून फिरत होती,
हातात टॅब्लेट, हेल्मेटखाली निळा रुमाल,
आणि विचारत होती : हा व्हॉल्व्ह कुठला?

म्हटलं, हा जावई.
वर्षातून दोनदा उघडतो
आणि उघडला की सगळ्यांना धावायला लावतो.
ती हसली नाही. लिहिलं, एचव्ही-११७.

ही वाकडी लाइन परकारची.
इब्राहिम परकार, खेडचा. एका रमजानात
सहरीच्या आधी वेल्डिंग करून मोकळा झाला.
नकाशात ती कधीच नव्हती,
बावीस वर्षं तेल मात्र तिच्यातूनच गेलं.

आणि हा पंप म्हातारी.
कुरकुरते, गळते, थांबत नाही.

जहाजातून तेल येतं ते लालभडक,
गाजर किसून पिळल्यासारखं,
मी न पाहिलेल्या कुठल्या रानाचा ओला वास घेऊन.
जानेवारीत सोहारच्या बंदरावरून गार वारा सुटला
की टाक्यांत थिजायला लागतं.
तेव्हा म्हातारीच्या पोटावर हात ठेवायचा,
कळायचं वाफ किती सोडायची ते.

हात ठेवून? किती अंशांना?
अंश मला कुठे माहीत.
चहाचा पेला हातात धरवतो
पण ओठाला लावता येत नाही, तेवढं.
तिनं तिथं थर्मामीटर टेकवला, वाट पाहिली.
बावन्न, म्हणाली, आणि पहिल्यांदाच
माझ्याकडे नीट बघितलं.

नोटीसबोर्डावर होतं :
रोजचे चारशे टन, आता बाराशे.
नवं युनिट तेल वेगळं काढणार, तूप वेगळं,
तेही माणसाचा हात न लागता.
म्हणीतलं धुपाटणं कुणाच्या हाती येणार,
ते लिहायला कागदावर जागा उरली नसावी.
वर्कीचन आणि आणखी अकरा जणांना
गुरुवारी केक कापून निरोप दिला.
केकवर कंपनीचं नाव बरोबर होतं,
त्याचं चुकलेलं.

गॅस कटरनं म्हातारी सोडवली तेव्हा
पोटातून पांढरा गोळा निघाला, साबणासारखा.
भंगारवाल्यानं वजन केलं :
एकशे नव्वद किलो.
मला वाटलं होतं, जास्त भरेल.

आता मी काचेआड बसतो, सहा पडद्यांसमोर.
बाहेर सेहेचाळीस, आत स्वेटर.
आखातात येऊन चोवीस वर्षं झाली,
स्वेटर यंदा घेतला.

सुट्टीत माखजनला बॅग उघडली
आणि सुलभा शर्ट नाकाशी धरून उभी राहिली.
एरवी नाक मुरडायची, दोनदा धुवायची,
म्हणायची, घरभर कारखाना केलात.
खरंच होतं. तेलाचा वास काढणं हाच आमचा धंदा,
काढलेला वास आमच्याकडे राहायला यायचा.
या खेपेला शर्टाला कसलाच वास नव्हता.
तिनं तो न धुताच घडी घालून ठेवला.
बरं वाटलं की नाही, बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

नवं युनिट चांगलं आहे. हे लिहायला हवं.
कुणाचा हात भाजत नाही,
रात्री दोनला टाकीवर चढावं लागत नाही.
रय्या तीनदा कॉलम शिडीनं चढली
आणि लहानशी गळती शोधून आली,
मला ती पडद्यावर दिसली नव्हती.

परवा पहाटे तीनला अलार्म.
पी-२०४, कंपन जास्त.
वॉकीटॉकीवर मोक्लेस, नोआखालीचा,
येऊन आठ महिने झालेला पोरगा :
भाईजान, माटारी आवाज करता है.

कोण?

माटारी. ये पंप. सब लोग यही बोलता है.
त्याला वाटतं, ते पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे.

पडद्यावर बावन्न होते. ठीक होतं सगळं.
तरी मी म्हटलं, हात लावून बघ, किती गरम आहे?
वॉकीटॉकी जराशी खरखरली.
मग तो म्हणाला,
ग्लव्हज निकालूं क्या?